वाळवीने खाल्लेली लेबलं

३ मार्च १९६३, रविवार. देवबाग

आजपासून दैनंदिनी लिहायची. उद्या मोठा माणूस झालो तर लोक विचारतील, सहदेवराव, सुरुवात कशी झाली? तेव्हा आठवत बसायला नको.

काल दुपारी म्हापशाचा कायतान नावाचा व्यापारी होडीने खाडी ओलांडून माझ्या दारात आला. पांढरी पँट, पांढरे बूट, बुटात वाळू. म्हणाला, गोवा मोकळा झाला तेव्हा एक पाखलो, म्हणजे पोर्तुगीज, अधिकारी घाईघाईने बोटीत बसला आणि तळघरातली व्हिस्की मागे राहिली. ती कायतानने उचलली. सगळी स्कॉटलंडची सिंगल माल्ट आणि तीही कोरी, म्हणजे पिंपातून थेट बाटलीत, मध्ये पाण्याचा थेंब नाही. असला माल दुकानात मिळत नाही. पण तळघरात वाळवी लागली आणि बहुतेक सगळी लेबलं तिने खाल्ली. आता कुठली बाटली कुठली, ते वाळवीला ठाऊक नाहीतर देवाला. म्हणून त्याला पाहिजे नाकवाला माणूस. मुंबईत चौकशी केली तेव्हा कुणीतरी माझं नाव सांगितलं.

सांगणारच! फोर्टातल्या विलायती दारूच्या कंपनीत मी वीस वर्षं सॅम्पल रूममध्ये होतो. साहेब आधी ग्लास माझ्यापुढे धरायचा, मग स्वतः हुंगायचा. दारूबंदी आली, कंपनीला कुलूप लागलं, साहेब विलायतेला गेला आणि मी देवबागेत येऊन माड राखत बसलो. इथे मला टिंगलीने 'सायब' म्हणतात. तेरा वर्षं ऐकून घेतोय.

याच महिन्यात म्हापशाला जायचं. पुढे चार ग्लास ठेवले जातील, ते ओळखले की काम माझं. राहायला खोली आणि वर माझ्या सहीची लेबलं. नाही जमलं तर कायतान दुसरा माणूस बघणार. मी म्हटलं, दुसरा बघायची गरज पडणार नाही.

आमची बायको सत्यवती म्हणजे चमत्कारिक बाई. एवढी बातमी ऐकून आनंद करायचा सोडून म्हणाली, "अवो, तुमची सर्दी अजून पुरी गेली नाय मा?" संक्रांतीनंतर मला ताप आला होता, त्याला आता महिना उलटला. मी ठणठणीत आहे. नंतर चुलीवर दूध करपून कोळसा झालं, ते हिला परसातून पळत येऊन उतरवावं लागलं. मी शेजारीच बसलो होतो, पण कामाच्या विचारात होतो.

५ मार्च

नाकाची तालीम सुरू केली. साहेब म्हणायचा, रोजच्या वस्तूंवर नाक घासून घ्यावं. पण वस्तू तरी धड असाव्यात ना! मालवणच्या बाजारातून कॉफी आणली, ती भुशासारखी. दुकानदाराला परत नेऊन दाखवली तर तो म्हणतो, "सायबानू, सगळो बाजार घमघमता." लबाड मेला! सुरंगीची फुलंसुद्धा यंदा अगदीच मुळमुळीत आहेत. हिच्या बांगड्याच्या तिखल्याला तिरफळ नाही, काही नाही. तसं म्हटलं तर माझ्याकडे नुसती बघत राहिली.

दुपारी म्हणाली, डोळे मिटा आणि ओळखा. मी पोरखेळ करत नाही, पण बायकोचं मन राखलं. नाकासमोर काहीतरी धरलं. मी ऐटीत म्हटलं, "सुरंगी!"  डोळे उघडले तर तिच्या हातात सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, वाटी. सुरंगीची वेणी एवढ्यात कुठे ठेवली कोण जाणे. तिला म्हटलं, दोन वास एकत्र आणू नयेत, नाक गोंधळतं.

जेवणात आज मीठ बरोबर होतं. तेवढं एक कळलं.

११ मार्च

शिमग्याचे ढोल सगळीकडे वाजताहेत, आणि आमच्याकडे मात्र अवेळी राखण! आमच्या माडाच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड आहे. जागेचा धनी तो. त्याला वर्षातून एकदा कोंबडा, नारळ, विडी आणि दारू द्यायची म्हणजे तो सगळं सांभाळतो. यंदाची राखण केव्हाच देऊन झाली होती. तरी आज दुपारी मी मालवणहून परतलो तर सत्यवती उपाशी आणि गंगाराम दगडापुढे हात जोडून उभा. गंगाराम म्हणजे पलीकडच्या माडातला आमचा शेजारी, गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे. देवाशी बोलायचं तर त्याच्या तोंडूनच.

"ह्या कसला?" मी विचारलं.

"तुमच्या म्हापशाच्या कामासाठी सांगणा केलंय," सत्यवती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. धूर गेला असेल. मला बरं वाटलं. एवढी अडाणी श्रद्धा, पण माझ्यासाठी आहे ना!

"आणि दारू खंयची हाडलास? दारूबंदी आसा ना?" मी गंगारामला विचारलं.

"देवाक परमीट लागता काय रे?" गंगाराम म्हणाला. त्याचे डोळे लालभडक होते. देवाला दाखवून उरलेला प्रसाद त्यानेच घेतला होता, ते दिसतच होतं. "सहदेवा, असली वस्तू जल्मात..." एवढं बोलला आणि सत्यवतीने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. मग त्याने एका माडाला मिठी मारली आणि शिमग्याचं गाणं म्हणू लागला. त्याला घरी पोचवायला मलाच जावं लागलं. चोरून गाळलेली कसलीतरी गावठी असेल. अशाला काय कळणार चांगल्या दारूतलं!

१५ मार्च

आज मोठा दिवस. साहेबाची बाटली काढली.

निघताना साहेबाने मला स्वतःच्या हाताने दिलेली बाटली. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची माल्ट, पिंपातली कोरी. दरवर्षी पाडव्याला टोपणभर घेतो, जास्त नाही. माडीवर तांदळाच्या कणगीत पुरून ठेवलेली असते आणि सत्यवतीखेरीज कुणाला ठाऊक नाही. जगात माझं असं काही असेल तर ते हे.

काढली आणि चकित झालो. मी पाडव्याला कागदाची खूण चिकटवली होती, तिच्या अंगठाभर वर पातळी! हवेतला दमटपणा आत शिरला असावा. समुद्रकाठी असं होत असेल. रंगही थोडा गडद झालाय. वयाने येतो तसा.

ग्लासात ओतली, ग्लास तिरका धरला, हळू हुंगली, दोन थेंब पाणी घातलं, पुन्हा हुंगली आणि घोट घेतला. काय सांगू! तीच! पीटचा धूर, म्हणजे तिकडे दलदलीतली माती जाळतात तो, समुद्राचं मीठ, ओला दोर, शेवटाला मध. घशात जाळ. साहेबाने वीस वर्षं शिकवलेलं सगळं एकेक करून समोर आलं. ताबडतोब लिहून काढलं.

सत्यवती दारात उभी होती. "काय वास येता?" तिने विचारलं. मी सगळं वाचून दाखवलं. ती ऐकून आत गेली. माझ्या कलेची किंमत तिला आज कळली असं वाटलं.

तेवढ्यात वाटेवरून मासे घेऊन जाणारी काशीबाई ओरडली, "कोणी काजूची काढल्यान गो? खाडीपर्यंत घमघमता!"

या किनाऱ्यावरच्या लोकांना काजूच्या दारूपलीकडे जग नाही. मी खिडकी लावून घेतली. ही बाटली कायतानला भेट न्यायची ठरवलं. त्याला कळू दे, सहदेव काय चीज आहे.

१८ मार्च

लिहू की नको असं झालंय.

सकाळी परसातल्या लिंबाचं पान चुरडलं आणि नाकाला लावलं. काही नाही. दुसरं चुरडलं. पान आहे, हातात हिरवं आहे आणि वास नाही. मग गोठ्यात गेलो. मग चुलीपाशी. मग सत्यवतीच्या उशीपाशीसुद्धा, त्यावर तिच्या माक्याच्या तेलाचा डाग आहे. डाग दिसला.

लिंबाचं झाड म्हातारं झालंय, हे खरं. गायही आता म्हातारी. पण भीती वाटते. नाक गेलं तर मी कोण? माड राखणारा एक सहदेव. देवबागेत असे पन्नास आहेत.

नाही, परवाची साहेबाची बाटली मी बरोबर ओळखली होती. लिहून ठेवलंय वर. उगाच मन खातंय.

२१ मार्च. म्हापसा, कायतानच्या घरी

सत्यवती हट्टाने बरोबर आली. म्हणाली, "माका गोंय बघूचा आसा." लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी सावंतवाडीच्या पुढे आली नव्हती.

सावंतवाडीहून यष्टीने दोडामार्गला उतरलो. तिथे नाका आहे. सगळी झडती गोव्यातून येणाऱ्यांची. बायकांच्या फणसांत, पोरांच्या दप्तरांत, भोपळ्यांत, सगळीकडे बाटल्या शोधतात. इकडून तिकडे जाणाऱ्याला कोण विचारतो? पण आमच्या पिशवीजवळून जाताना एक हवालदार थांबला. नाक वर केलं.

"आजोबा, पिशवीत काय?"

मी छाती पुढे काढून खरं सांगितलं. परमीट नाही, गुन्हा आहे, हेही ठाऊक होतं. पण खोटं बोलून कला लपवायची नाही. म्हटलं, "स्कॉटलंडची व्हिस्की आहे. गोव्याला भेट नेतोय."

त्याने बूच काढून हुंगलं. मग दुसऱ्याला हाक मारली. दुसऱ्याने हुंगलं. तिसरा आला. मग तिघे जे हसत सुटले! एकाची टोपी पडली. "अरे, काजूची गोंयात नेतास? हयसून थय? आमच्या नोकरीत पयलोच माणूस!" सत्यवती मान खाली घालून उभी, कान लाल झालेले. शेवटी मोठा हवालदार डोळे पुसत म्हणाला, "जावा आजोबा, जावा. तुमका धरलंय तर साहेब माकाच येड्यात काढतलो."

या खात्यात शिकलेली माणसं नाहीत. तरी मन खट्टू झालं. हिला विचारलं, "ते काजूची काजूची काय म्हणत होते गो?" तर म्हणाली, "माका काय ठाऊक? मी पिणा नाय."

कायतानने पुष्कळ अगत्य केलं. त्याचं घर मोठं, ओसरीवर लाकडी खुर्च्या. परीक्षा उद्या सकाळी, पोट रिकामं असताना.

२३ मार्च. देवबाग

काल लिहायला बसलो नाही. आता सगळं सरळ लिहितो.

काल सकाळी ओसरीवर बसलो. आधी मी भेट दिली. कायतानने बूच काढलं, ग्लासात ओतलं, नाकाशी नेलं आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मग सत्यवतीकडे. सत्यवतीने दोन्ही हात जोडले, पदराआड, पण मला दिसलं. कायतानने ग्लास रिकामा केला आणि म्हणाला, "बरी आसा, सहदेवबाब. खूप बरी. म्हज्या आजाची याद आयली." आजोबाची कसली आठवण, ते मला कळेना. 

मग चार ग्लास आले. सारखे ग्लास, सारखाच सोनेरी रंग.

पहिला उचलला. हुंगला. काही नाही. ग्लास धुतला नसेल म्हणून बोटाने काठ पुसला. पुन्हा हुंगला. काही नाही. दुसरा उचलला. तोही तसाच. जिभेला लावला तर भाजलं, आणि बस्स. भाजायला काय, मिरचीही भाजते.

वाक्यं ओठांवर तयार होती. पीटचा धूर, समुद्राचं मीठ, ओला दोर. वीस वर्षांचं पाठांतर. एक दडपून सांगितलं असतं तर चारात एखादं लागलंही असतं. मी तोंड उघडलं आणि सत्यवतीकडे बघितलं. ती हळूच मान हलवत होती. नको, नको.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. करपलेलं दूध, कॉफी, लिंबाचं पान, हसणारे हवालदार. मी ग्लास खाली ठेवला.

"कायतानबाब, मला वास येत नाही," मी म्हटलं. "कशाचाच येत नाही. संक्रांतीपासून."

पहिल्यांदाच बोललो. सांगताना आवाज लहान मुलासारखा निघाला. लाज वाटली, पण छाती मोकळी झाली.

सत्यवती रडायला लागली. म्हणाली, "माझा चुकला. साहेबाची बाटली मी राखणदाराक दिलंय. अर्धी ओतलंय दगडार, उरलेली प्रसाद म्हणान गंगारामान घेतल्यान. तुमचा नाक परत येवंदे म्हणान. तुमका जीवापेक्षा लाडकी तीच एक वस्तू होती, दुसरा काय देव मी? आणि बाटली रिकामी दिसली तर तुमचो जीव जायत, म्हणान गंगारामाकडची काजूची घातलंय. कोरो चाय घालून रंग केलंय."

क्षणभर असा राग आला! तेरा वर्षं मी टोपणाने मोजून घेतली आणि दगडाने एका दुपारी अर्धी घेतली. उरलेली गंगारामाने! वर मी त्याला गावठीवर झिंगलेला म्हणालो होतो. आणि काजूच्या फेणीवर मी मधाचं आणि धुराचं वर्णन लिहिलं. कायतान तोंडावर रुमाल धरून बसला होता, खांदे हलत होते. मला राग धरताच येईना. मीही हसलो. नंतर ती पण हसली, रडत रडत.

कायतान म्हणाला, जेवून जावा. काम गेलं, हे त्याने बोलून दाखवलं नाही.

पण सत्यवतीला त्या ग्लासांचाच राग आला होता. "ह्या मेल्यासाठी माझ्या घोवाचो जीव अर्धो झालो," म्हणत तिने पहिला ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शी गे बाय! हो तर सुक्या बांगड्यांच्या वखारीत धुरी घातल्यासारखो. आणि डाक्टर जखमेक लावतत ता औषध."

मी ताडकन उठलो. "औषध? नक्की? आणि मागाहून गोड?"

"थांबा... होय. जळक्या गुळाचो."

"आयला बेट!" मी ओरडलो. "कायतानबाब, हे आयलाचं!"

कायतानचा रुमाल खाली आला. "दुसरो," तो म्हणाला.

दुसऱ्यावर ती जास्त वेळ थांबली. "काळ्या मनुका. लाकडाची पेटी उघडल्यावर येता तसो. पेटीत लग्नातला लुगडा आसा, कोणी नेसूक नाय." मी विचारलं, संत्र्याची साल? म्हणाली, सुकलेली. म्हणजे शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली, स्पे नदीकाठची. तिसऱ्यात तिला ओलं गवत आणि वेलची केळं मिळालं. मी सांगितलं, स्कॉटलंडच्या दक्षिणेची, हलकी. ती हुंगत होती, मी विचारत होतो, आणि वीस वर्षांत साहेबाने ग्लास पुढे धरला की जसं अंग ताठ व्हायचं, तसं झालं.

मग चौथा. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. ग्लास हलवला, डोळे मिटले.

"ह्यात कायेक नाय."

"असं कसं? नीट बघ," मी म्हटलं. "काहीतरी असतंच. फूल, फळ, लाकूड..."

"नाय म्हणजे नाय. मी काय लावून सांगू?"

मी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि स्वतः हुंगला. मला अर्थातच काही आलं नाही, पण मला तर कशातच येत नाही. आता काय करायचं? सोनेरी रंग, कोरी माल्ट, आणि वासच नाही? साहेबाने असं कधी शिकवलं नव्हतं. घाम फुटला. मी सांगितलं असतं, मध आणि रानफुलं, हे कशावरही चालतं. आणि सत्यवती माझ्याकडे बघत होती. अगदी शांत, तांदूळ शिजला की नाही ते शीत दाबून सांगते तशी.

"कायतानबाब," मी म्हटलं, "ही म्हणते त्यात काही नाही. तर मग त्यात काही नाही. ही व्हिस्की नव्हे."

कायतानने टेबलावर थाप मारली. "जळिल्ली साखर आनी उदक!" तो म्हणाला. पहिल्या तिन्ही बाटल्यांची लेबलं शाबूत होती, ती त्याने फडक्याखाली झाकली होती; तिन्ही आम्ही बरोबर ओळखल्या होत्या. चौथा ग्लास मुद्दाम. माझ्याआधी मुंबईहून दोन मोठे तज्ज्ञ येऊन गेले. दोघांनी त्या साखरेच्या पाण्यात मध आणि रानफुलं शोधली होती.

म्हणजे मी एकटा आलो असतो तर तिसरा झालो असतो. अगदी त्याच शब्दांत.

कायतान म्हणाला, पाडवा झाला की या, दोघंही या. एकटे आलात तर दार उघडणार नाही. लेबलावर सही कुणाची, ते आम्हीच ठरवायचं. मी सांगून टाकलं, तिची. ती म्हणाली, माझी सही कोण वाचतलो? कायतान म्हणाला, लोकांना सही वाचायची नसते, प्यायची असते.

परतताना यष्टीत खिडकीशी ती बसली होती. मी म्हटलं, "राखणदाराने ऐकलं नाही म्हणायचं."

"आयकला तर," ती म्हणाली. "गंगाराम तोपर्यंत अर्धी ढोसून बसलेलो. गाऱ्हाण्यात तुमचा नाव घेवक इसारलो मेलो. 'ह्या घराक एक नाक दी, म्हाराजा' इतक्याच म्हणालो. मी पण 'होय म्हाराजा' म्हणान मोकळी झालंय."

मी हसलो, आणि हसता हसता कसं कोण जाणे, रडू आलं. आता तो वास पुन्हा येणार नाही. लिंबाचा नाही, सुरंगीचा नाही, हिच्या तेलाचा नाही. यष्टीत माणसं होती, तरी थांबेना.

"रडतास कित्या?" ती पदर पुढे करत म्हणाली. "नाक चोंदतला."

"चोंदू दे गो," मी म्हटलं. "त्याला आता काम काय आहे?"

ती फसकन हसली, मीही हसलो. कंडक्टर दोनदा मागे वळून बघून गेला. दोडामार्ग मागे पडेपर्यंत आम्हांला थांबता आलं नाही.